ईव्हीएम रिव्ह्यू: काटा बरोबर असंल, पण दुसऱ्या काट्यावर घालू द्या की

प्रॉडक्ट: ईव्हीएम, सोबत व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारा डबा). वापर: १९९९ पासून इलेक्शन ड्युटी, पहिली शिक्के-पेट्यांवर, २००४ पासून मशीनवर. विकत घेतलेलं नाही, कुणाला घेता पण येत नाही. कुठल्या पक्षानं रिव्ह्यूचे पैसे दिलेले नाहीत (दिले असते तर मागच्या पडवीचा स्लॅब तरी पडला असता). मी जिल्हा परिषदेचा मास्तर, नाव सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे.

हे लिहायचं कारण आमच्या कोल्हापुरातली गंगावेस. रात्री तिथं म्हशी आणून उभ्या करतात, गवळी तुमच्या समोर धार काढतो आणि फेसाळलेला ग्लास हातात देतो. दूध काय घरात पण असतंय, पण लोकं चालत येतात ते डोळ्यादेखत पिळलेलं पाहिजे म्हणून. तिथं आमची चार-पाच जणांची बैठक असते, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या निकालानंतर विषय एकच. एक म्हणतो, "मे महिन्यात लोकसभेला ह्याच मशीननं काँग्रेसच्या शाहू महाराजांना दीड लाखाच्या वर लीड दिलं, तवा मशीन चांगलं होतं व्हय? आणि सहा महिन्यात जिल्ह्यात काँग्रेस शून्य झाली की लगेच मशीन खराब?" दुसरा म्हणतो, "आरं ते मुद्दाम सोडलं, एकदा सोडायचं, म्हंजे पुढच्या टायमाला कोण बोलत न्हाई." ह्या वाक्याला उत्तरच नाही, कारण जिंकलं तरी पुरावा आणि हरलं तरी पुरावा. मग सगळे माझ्याकडं बघतात, "मास्तर, तुम्ही सांगा, तुम्ही आत असताय." दर वेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी मशीनच. बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल, दोन्ही सरकारी कंपन्या, दोघीच बनवतात. मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, म्हणजे बीयू, आणि आमच्या टेबलावर असतं ते कंट्रोल युनिट, सीयू. एका बीयूवर नोटा धरून सोळा नावं. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडं उमेदवारच एवढे की दोन बीयू शेजारी शेजारी मांडल्या आणि दिवसभर प्रत्येकाला सांगत बसलो की दोन्ही पाटांवर बघा, तुमचा माणूस दुसऱ्यावर असंल (कोण आहे ते सांगता येत नाही, नुसतं हात करून दाखवायचं). चालते बॅटरीवर, त्यामुळं लाईट गेली तरी काय फरक पडत नाही, आणि आमच्याकडं मे महिन्यात दुपारी वळीव आला की लाईट जातेच. वापरायला लेकराच्या खेळण्याइतकं सोपं. ऐंशीच्या वरची बाई सुद्धा एकदा सांगितलं की दाबून बीप ऐकून बाहेर येते.

ज्यांना वाटतं बॅलट पेपर म्हणजे सत्ययुग होतं त्यांनी १९९९ बघायला पाहिजे होतं. लोकसभा आणि विधानसभा एकदमच, दोन पत्रिका, दोन घड्या, लोकं एकीची घडी दुसरीत घालायची, शिक्का दोन चिन्हांच्या मधे पडायचा, घडी घातली की ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटायची आणि मतमोजणीत त्या एका उमटलेल्या डागावरून दोन्हीकडचे एजंट एकमेकांच्या अंगावर. आणि लांब कशाला जायला पाहिजे, साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या निवडणुका आपल्या जिल्ह्यात आजपण शिक्का मारूनच होतात. तिथं काय भांडणं होत नाहीत? रात्र रात्र मोजणी चालते, बाद मतांचे गठ्ठे परत परत बघितले जातात, आणि खरी मारामारी तर त्याच्या आधी सभासद यादीवर झालेली असते, मयत कोण, दुबार कोण, कुणाचा शेअर कधी वळता केला. कागदानं माणूस सुधारत नाही. मशीनवर बाद मत नाही, एका दमात वीस शिक्के मारून पेटीत कोंबता येत नाहीत कारण प्रत्येक मताला आम्ही बॅलटचं बटण दाबून दिल्याशिवाय पुढचं मत पडतच नाही. वापराला माझे चार स्टार.

पाचवा का नाही? कारण ह्या प्रॉडक्टचा सॅम्पल पीस मिळत नाही. मिक्सर घेताना दुकानदार चालवून दाखवतो, इथं मशीन उघडून बघायचं म्हटलं की परवानगी नाही. २०१० साली हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी आणि परदेशातल्या दोन संशोधकांनी एक खरं मशीन हातात घेऊन दाखवलं की आतला डिस्प्लेचा भाग बदलला तर आकडे बदलून दाखवता येतात. ते मशीन मुंबईच्या सरकारी गोदामातलं निघालं आणि हरी प्रसादांना अटक झाली, चोरीच्या गुन्ह्यात. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की मशीन उघडायला हातात यावं लागतंय, सीलं असतात, पोलीस असतात, आणि उमेदवार कुठल्या बटणावर येणार ते आधी कुणाला माहीत नसतं. ते पण खरंच आहे. पुढं ३ जून २०१७ ला आयोगानं पक्षांना बोलावलं की या, करून दाखवा. राष्ट्रवादी आणि माकप दोनच पक्ष गेले आणि त्यांनीही हॅक करायचा प्रयत्न केला नाही. गंगावेशीत ही गोष्ट सांगितली की एक गट टाळ्या पिटतो आणि दुसरा म्हणतो, स्क्रू ड्रायव्हर लावू दिला असता तर कळलं असतं. दोघांचं पण पटतंय, हीच तर पंचाईत आहे.

आता व्हीव्हीपॅट. हा डबा सप्टेंबर २०१३ ला नागालँडच्या नोक्सेनला पोटनिवडणुकीत पहिल्यांदा लावला, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं टप्प्याटप्प्यानं सगळीकडं लावा म्हणून सांगितलं, आणि २०१९ च्या लोकसभेला तो देशात सगळीकडं आला. बटण दाबलं की काळसर काचेमागं दिवा लागतो, अनुक्रमांक, नाव, चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि कट होऊन खाली पडते. आयडिया झकास आहे, पण डबा भारी नाजूक. मागच्या बाजूला एक खटका असतो, प्रवासात आडवा ठेवायचा, मतदानाला उभा करायचा, ते विसरलं की एरर. वर बल्ब नको, शेजारी खिडकी नको, उजेडानं सेन्सर गोंधळतो. म्हणजे सीयू-बीयू शेतकऱ्याच्या बैलासारखी आणि हे शहरातलं पाहुणं.

आणि ७ सेकंद म्हणजे किती? मागच्या खेपेला एक आज्जी बटण दाबून तिथंच थांबली. बराच वेळ झाला बाहेर येईना म्हणून बाहेरूनच हाक मारली तर म्हणते, "आरं लेका, माजी पावती कुठाय? आत पडली न्हवं, हात जाईना." एटीएमसारखी चिठ्ठी हातात येणार असं तिला वाटलेलं. मी म्हटलं आज्जी ती द्यायची नसते, आतच राहते. तर म्हणते, "मग छापताय कशाला?" अख्खी खोली हसली, मी पण हसलो, पण रात्री साहित्य जमा करायच्या रांगेत तीन तास बसलो तेव्हा ते वाक्य डोक्यातनं गेलं नाही. कारण आज्जीचा प्रश्न सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. सगळ्या चिठ्ठ्या मोजा अशी मागणी होती, २६ एप्रिल २०२४ ला न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी ती फेटाळली. मोजतात किती, तर विधानसभेच्या एका मतदारसंघात पाच केंद्रांच्या. हे पाच पण २०१९ ला कोर्टानं वाढवून दिले, आधी एकच होतं. राज्यात एक लाखाच्या आसपास केंद्रं, भागिले २८८, म्हणजे एका मतदारसंघात साडेतीनशे, त्यातली पाच, दीड टक्का पण होत नाही.

इथं आयोगाची बाजू सांगायला पाहिजे. विधानसभेला २८८ गुणिले पाच, म्हणजे १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकाही ठिकाणी फरक निघाला नाही असं त्यांनी सांगितलं. संख्याशास्त्रवाले म्हणतात सॅम्पल चिठ्ठी टाकून काढलेलं असंल तर राज्यभर चाललेला मोठा घोळ लपायचा नाही. माझा विषय गणितच आहे, मला ते कळतंय. पण आज्जीला कसं सांगू? जर्मनीच्या घटनात्मक कोर्टानं २००९ ला हाच मुद्दा धरून तिथली मशीनं बाद ठरवली, की साध्या माणसाला तज्ज्ञ नसताना मोजणी तपासता आली पाहिजे. आपल्या कोर्टानं आपल्या परिस्थितीत वेगळं ठरवलं, हरकत नाही, आपल्याकडं मतदार किती आणि मोजायचं किती. पण चिठ्ठी छापून झालीय, पेटीत पडलीय, सील करून ठेवलीय, आणि मोजायची मात्र नाही, हे आमच्याकडं कुठल्याच व्यवहारात बसत नाही.

काट्याचं उदाहरण देतो. आमचा दीड एकर ऊस आहे. हंगाम लागला की प्रत्येक गावात एकच शब्द, काटामारी. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढायच्या आधी माणूस वाटेत खासगी काट्यावर पैसे देऊन वजन करतो. माझा बाप तर तोडणीला खोप्यात बसून मोळ्या मोजायचा आणि अंदाज एका कागदावर लिहून ठेवायचा. कारखान्याचा काटा चुकीचा आहे असं दर वेळी निघतं का? नाही. बऱ्याचदा वजन तंतोतंत जुळतं. पण जुळतं ते बापाला कळतं कारण दुसऱ्या काट्यावर घालता येतं. ज्या ठिकाणी दुसऱ्या काट्याचं वजन चालणार नाही म्हणतात, तिथं काटा सोन्याचा असला तरी लोक म्हणणारच की मारला. मशीनचं नेमकं एवढंच झालंय. व्हीव्हीपॅट म्हणजे दुसरा काटा, आणून ठेवलाय, पण गाडी चढवू देत नाहीत. व्हीव्हीपॅटला अडीच स्टार, त्यातला अर्धा आज्जीचा.

कोर्टानं त्याच निकालात एक खिडकी उघडी ठेवली, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसात लेखी अर्ज करून पाच टक्के मशीनच्या चिपची तपासणी मागता येते. २०२४ ला एका सेटला ४७,२०० रुपये लागायचे, जीएसटी धरून. मशीनशी छेडछाड झालेली निघाली तर पैसे परत. म्हणजे वॉरंटी आहे, पण गिऱ्हाईकाला नाही, फक्त हरलेल्याला, आणि तीपण आठवडाभर. त्याच्यावर पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात निवडणुकीची कागदपत्रं बघायचा नियम ९३ बदलला, सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक गोष्टी आता कुणालाही सहज बघायला मिळत नाहीत, आणि २०२५ ला आयोगानं फुटेज ४५ दिवसच ठेवायचं ठरवलं, निकालाला आव्हान असंल तरच पुढं. कारण सांगितलं की फुटेजचा गैरवापर होतो. असंल. पण लोक आधीच संशयानं बघत असताना दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढावं, हे काय सर्व्हिसचं लक्षण नव्हे.

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त डोकी फुटली तो आकडा. २० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी पाचला राज्यात ५८.२२ टक्के, रात्री उशिरा ६५.०२, आणि शेवटी ६६.०५. म्हणजे ७.८३ टक्के वाढ, ९.७० कोटी मतदारांवर धरली तर शहात्तर लाखाच्या आसपास मतं. ऐकलं की छातीत धस्स होतंय, एवढी मतं आली कुठनं? मी त्या दिवशी राधानगरीकडच्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो, माझ्या खोलीतलं सांगतो. दर दोन तासांनी झोनल अधिकाऱ्याचा फोन येतो, टोटल सांगा. टोटलचं बटण दाबून सांगतो, कधी तेवढ्यात भांडण चाललेलं असतं तर दहा मिनिटांपूर्वीचा आकडा सांगतो, कधी रेंजच नसते तर तो स्वतःच मागच्या आकड्यावर अंदाज धरून पुढं कळवतो. पाचला आकडा दिला तेव्हा दारात ही रांग! सुगीचे दिवस, तोडी चालू, माणसं दिवस मावळल्यावर रानातनं येणार ना. सहाला गेट लावलं, नियम असा की शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढं चिठ्ठ्या वाटायच्या म्हणजे मागनं कोण घुसत नाही, आणि शेवटचं मत सव्वासातला पडलं. पाच नंतर माझ्या एका खोलीत सव्वाशेच्या वर मतं झाली. शहात्तर लाख भागिले एक लाख केंद्रं, सरासरी शहात्तर. करवीरला त्या दिवशी ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं, कोल्हापूर जिल्ह्यात ७६ च्या वर, आपल्याकडं हे काय नवीन नाही.

माझ्या खोलीत झालं म्हणून लाखभर खोल्यांत तसंच झालं असं मी म्हणत नाही, म्हणू पण शकत नाही. पण म्हणूनच तर सतरा-सी आहे! मतदान संपलं की क्लोज दाबायचं आणि नमुना १७-सी भरायचा, ह्या मशीनमध्ये एकूण मतं किती, सतरा-अ रजिस्टरला मतदारांच्या सह्या किती, आणि त्याची सही केलेली नक्कल प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची. तो कागद त्याच रात्री जिथल्या तिथं असतो. सगळे सतरा-सी स्कॅन करून आयोगानं टाकले असते तर ५८ आणि ६६ चा वाद चार दिवसात मिटला असता, किंवा कुठं काळंबेरं असतं तर तेपण चार दिवसात सापडलं असतं. टक्केवारी फोनवर अंदाजानं सांगायची, नि हिशेबाचा कागद कपाटात ठेवायचा. सर्व्हिसला दीड स्टार देतोय तो ह्याच्यासाठी.

पडलेली आणि मोजलेली मतं जुळत नाहीत हा आणखी एक. निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर संस्थेनं २०२४ च्या लोकसभेचे आकडे ताडून बघितले, ३६२ मतदारसंघात मिळून ५,५४,५९८ मतं कमी मोजली गेली आणि १७६ मध्ये ३५,०९३ जास्त. कमीचं एक कारण आम्हाला बूथवाल्यांना चांगलं माहीत आहे. सकाळी मतदानाच्या दीड तास आधी एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान, घ्यायचा, निदान पन्नास मतं, मग क्लोज, रिझल्ट, क्लियर. रात्रभर शाळेच्या फरशीवर डास मारत झोपलेला मास्तर पहाटे साडेपाचला क्लियर दाबायचं विसरतो. मग ते मशीन मोजणीत बाजूला ठेवतात, आणि लीड त्याच्यापेक्षा मोठं असंल तर मोजतच नाहीत. पण जास्तीची ३५ हजार? त्याला मॉक पोलचं कारण नीट बसत नाही, आणि आयोगानं केंद्रवार खुलासा टाकायला पाहिजे होता. मी मास्तर आहे, पोरानं उत्तर बरोबर लिहिलं तरी मी रीत मागतो.

आणि माणूस किती घोळ घालू शकतो ते बघायचं असंल तर हरियाणाचं बुआना लाखू. पानिपत जिल्ह्यातलं गाव, २०२२ ची सरपंचाची निवडणूक, सुप्रीम कोर्टानं मशीनंच दिल्लीला मागवून घेतली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये फेरमोजणी झाली. हरलेला ५१ मतांनी निवडून आला. मशीनमधले आकडे बरोबरच होते, एका बूथवर लिहिताना अदलाबदल झालेली. माणसाला तीन वर्षं लागली, पण दुसऱ्या काट्यावर गाडी चढली.

यादीचं पण थोडं बोलतो, नाहीतर म्हणाल मास्तर टाळतोय. लोकसभेला राज्यात ९.३० कोटीच्या आसपास मतदार, विधानसभेला ९.७०. सहा महिन्यात चाळीस लाख. आयोग म्हणतो मोहीम राबवली, नवीन पोरं आली. विरोधक म्हणतात दाखवा. मशीनला बटण कुणी दाबलं ते कळत नाही, त्यामुळं यादीत खोट असंल तर जगातलं सगळ्यात प्रामाणिक मशीन पण ती खोट प्रामाणिकपणे मोजून देईल. ह्याच्यावर वेगळा रिव्ह्यू लागंल, बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळायचं, काम पण मी केलंय.

एक किस्सा घरचा. माझी मामी मंगळवार पेठेत राहते, आयुष्यभर हाताला मत दिलेलं. २०२४ ला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानं शेवटच्या क्षणी माघार घेतली आणि पक्षानं अपक्षाला पाठिंबा दिला, चिन्ह प्रेशर कुकर. मामी वरनं खाली दोनदा शोधून आली, हात नाहीच. बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाली, "मशीनमधनं हात काढून टाकलाय गं!" अर्ध्या तासात गल्लीत पसरलं की ईव्हीएम मॅनेज आहे. बिचाऱ्या मशीनचा काय दोष.

२०२६ च्या १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं, ते मशीन तर अजून वेगळं. चार जणांचा प्रभाग, चार मतं, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी पत्रिका, आणि व्हीव्हीपॅट नाहीच. राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं, एकाच वेळी अनेक मतं असलेल्या पद्धतीला चालणारं व्हीव्हीपॅट अजून तयार नाही. म्हणजे लोकसभेला दुसरा काटा बघायला तरी मिळतो, गल्लीच्या निवडणुकीत, जिथं शे-दोनशे मतांवर सीट जाते, तिथं तोपण नाही. ह्याला स्टार देत नाही, सोडून देतो.

व्हीव्हीपॅटवर चुकीचं नाव आलं असं वाटलं तर तक्रार करता येते, नियम ४९-एमए. केंद्राध्यक्षाला सांगायचं, लेखी द्यायचं, मग एजंटांसमोर टेस्ट मत घेतात. पण लिहून द्यायच्या आधी आम्हाला वाचून दाखवावं लागतं की खोटं ठरलं तर शिक्षा होईल. एकदा एक तरणा पोरगा तावातावानं आला, मी ते वाचलं, त्याचा चेहरा उतरला, म्हणाला, "राहू द्या सर, नीट बघितलं नसंल मी." त्यानं नीट बघितलं होतं की नव्हतं हे मला आजपण माहीत नाही.

तर एकूण, मशीन चार, व्हीव्हीपॅट अडीच, सर्व्हिस दीड. घ्यावं का? घ्यायला लागतंयच, दुसरं दुकान नाही. फक्त एजंट होणाऱ्यांना एक सांगतो, रात्री मशीन सील होईपर्यंत हलू नका आणि सतरा-सीची नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. राधानगरीकडच्या त्या गावात माझ्याकडं चार एजंट होते, क्लोज दाबलं तेव्हा दोनच उरले, बाकीचे दोघं "आलोच सर, जेवून येतो" म्हणून गेले ते गेलेच. त्यांच्या नावाच्या नकला तशाच साहित्याबरोबर जमा केल्या. निकालानंतर त्यातल्याच एकाचा फोन, आवाज चढलेला, "सर, मशीन शंभर टक्के मॅनेज आहे बघा, आपल्या गावात असं होऊच शकत न्हाई." आणि मग जरा हळू आवाजात, "बरं, त्या दिवशी आपल्या बूथला टोटल किती झालेलं ओ?"